दाण्यातली बुरशी, यकृतातले विष

अफ्लाटॉक्सिन हे बुरशीने तयार केलेले विष आहे. अस्परजिलस फ्लेव्हस आणि अस्परजिलस पॅरासिटिकस या बुरशी भुईमूग, मका, सरकी, मिरची, खोबरे अशा पिकांवर वाढतात आणि वाढता वाढता ते दाण्यात सोडतात. उष्ण हवा आणि दाण्यातला ओलावा एवढे दोनच घटक त्यांना पुरतात. पीक काढणीला आले असताना पावसाने ओढ दिली, शेंगांना भेगा पडल्या किंवा किडीने कणसे पोखरली, की शेतातच लागण होते. उरलेले काम नीट न वाळवलेले धान्य कोंदट जागी साठवल्याने होते.

बुरशी आणि तिचे विष यांत फरक आहे, आणि तो लक्षात घेतल्याशिवाय हा विषय नीट कळत नाही. हिरवट-पिवळा बुरा डोळ्यांना दिसतो, पुसता येतो, धुतला जातो. विष मात्र दाण्याच्या आत मुरलेले असते. त्याला रंग, वास, चव काहीच नसते. बुरशी मेली तरी ते तसेच राहते. अफ्लाटॉक्सिनचा रेणू सुमारे 260 अंश सेल्सिअसपर्यंत टिकाव धरतो. त्यामुळे भाकरी भाजली, दाणे शिजवले, कुकरच्या कितीही शिट्या केल्या तरी ते पूर्णपणे जात नाही. भाजताना काही अंश कमी होतो, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

या विषाचा शोध पक्ष्यांच्या मृत्यूतून लागला. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की काही महिन्यांत मेले. रोगाचे कारण कळेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ असे नाव पडले. शोध घेत घेत पशुवैद्यक ब्राझीलहून आयात केलेल्या भुईमुगाच्या पेंडीपाशी पोहोचले. पेंडीत अस्परजिलस फ्लेव्हस सापडली, पुढे तिचे विषही वेगळे करता आले. अतिनील प्रकाशात या विषाचे काही प्रकार निळे चमकतात, काही हिरवे. त्यावरून त्यांना बी आणि जी ही अक्षरे मिळाली. त्यांतला बी-1 सर्वांत घातक. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नैसर्गिक अफ्लाटॉक्सिनांना 1987 साली माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

माणसांवर हे संकट किती भयानक रूपात येऊ शकते, हे भारताने 1974 साली पाहिले. राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातेतला पंचमहाल हे तेव्हाचे शेजारचे जिल्हे. मका हे तिथल्या आदिवासी कुटुंबांचे रोजचे अन्न. त्या वर्षी काढणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला, कणसे भिजली आणि तशीच घरात भरली गेली. ऑक्टोबरपासून लोकांना ताप, उलट्या, कावीळ सुरू झाली. मग पोटात पाणी साठू लागले. 200 हून अधिक गावांत 397 जण आजारी पडले आणि 106 दगावले. त्याच घरांतली, तेच अन्न खाणारी कुत्रीही जलोदराने मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या साथीचा अभ्यास केला, तेव्हा मक्याच्या नमुन्यांत किलोमागे 6 ते 15 मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन आढळले. रुग्ण कित्येक आठवडे रोज 2 ते 6 मिलिग्रॅम विष पोटात घेत असावेत, असा त्यांचा अंदाज होता. पुढे 2004 साली पूर्व केनियात मकुएनी आणि कितुई या भागांत जवळजवळ हेच पुन्हा घडले: 317 रुग्ण, 125 मृत्यू, आणि कारण तेच, ओलसर साठवलेला घरचा मका.

कावीळ आणि जलोदर ही यकृत निकामी होण्याची लक्षणे. विष पोटातून जाते, मग घाव यकृतावरच का पडतो? याचे उत्तर चयापचयात आहे. अफ्लाटॉक्सिन जसे खाल्ले जाते तसे फारसे मारक नसते. ते मारक होते शरीरात गेल्यावर, आणि शरीराच्याच हातून.

हा रेणू लहान असतो आणि तेलात सहज विरघळतो. त्यामुळे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातूनच तो रक्तात शिरतो. आतड्याकडून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी यकृताच्या द्वारशिरेतून यकृतात जाते. अन्नातून आलेल्या प्रत्येक पदार्थाची पहिली तपासणी तिथे होते. तेलात विरघळणारे परके पदार्थ लघवीवाटे बाहेर टाकता येत नाहीत, म्हणून यकृत त्यांना पाण्यात विरघळण्याजोगे करते. त्याची पहिली पायरी म्हणजे रेणूला ऑक्सिजन जोडणे, आणि हे काम सायटोक्रोम पी-450 या गटातली विकरे करतात. बहुतेक औषधांचा निचरा याच विकरांमुळे होतो. सामान्यतः ही व्यवस्था शरीराच्या हिताचीच असते.

अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत मात्र ती उलटते. ऑक्सिजन जोडला गेला की काही रेणू अफ्लाटॉक्सिन एम-1 किंवा क्यू-1 यांसारखी तुलनेने सौम्य रूपे घेतात आणि बाहेर पडतात. पण काही रेणूंत ऑक्सिजन अशा जागी बसतो की त्यातून एपॉक्साइड नावाचा अत्यंत अस्थिर पदार्थ तयार होतो. पाण्यात त्याचे आयुष्य साधारण एका सेकंदाचे. तेवढ्या वेळात जे समोर येईल त्याला तो चिकटतो, आणि यकृतपेशीत त्याच्यासमोर डीएनए असते. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन या अक्षराला तो बिलगतो. पेशीने ती चूक वेळीच दुरुस्त केली नाही, तर पेशी विभागताना त्या जागी भलतेच अक्षर बसते.

असा बदल कुठेही झाला तरी वाईटच, पण एका ठिकाणी तो विशेष महागात पडतो. पी-53 हे जनुक बिघडलेल्या पेशींना वाढण्यापासून रोखते. 1991 साली चीन आणि आफ्रिका खंडाचा दक्षिण भाग या दोन दूरच्या प्रदेशांतल्या यकृतकर्करोगाच्या गाठी तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतल्या अनेकींत या जनुकाच्या 249 व्या संकेतावर एकच बदल सापडला. दोन्हीकडचे लोक अफ्लाटॉक्सिन असलेले धान्य खाणारे होते. खाल्लेल्या विषाची खूण कर्करोगाच्या जनुकात इतकी स्पष्ट सापडावी, हे वैद्यकशास्त्रात क्वचितच घडते.

शरीर निःशस्त्र नसते. यकृतात ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू भरपूर असतो. एक विकर त्याला एपॉक्साइडशी जोडते आणि जोडगोळी पित्तावाटे, लघवीवाटे निघून जाते. छोट्या उंदरात (माउस) हे विकर इतके कार्यक्षम असते की अफ्लाटॉक्सिन त्याचे फारसे काही बिघडवू शकत नाही. टर्की आणि बदक यांच्याकडे ही ढाल जवळजवळ नाहीच, म्हणूनच 1960 साली टर्की पटापट मेले. माणूस या दोहोंच्या मधे येतो, आणि माणसामाणसांतही फरक असतो. अपुरे खाणाऱ्या, प्रथिने कमी मिळणाऱ्या माणसाच्या शरीरात ग्लुटाथायोनचा साठाही तोकडा पडतो. खराब धान्य खाण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांच्याकडेच ते पचवण्याची ताकद सर्वांत कमी असते, ही या विषयातली सर्वांत अन्यायाची बाब आहे.

कर्करोग व्हायला वर्षे लागतात. मोठ्या मात्रेत विष गेले तर मात्र यकृताचे रोजचे काम काही दिवसांत कोलमडते. डीएनएला चिकटलेल्या विषामुळे जनुकांची नक्कल उतरवण्याचे काम अडते. नक्कल नाही म्हणजे प्रथिने नाहीत. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन यकृतच बनवते आणि रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवण्याचे काम ते करते. ते घटले आणि सुजलेल्या यकृतातून रक्त पुढे सरकेनासे झाले, की पोटात पाणी साठते. रक्त गोठवणारे घटकही यकृतातच तयार होतात. ते कमी पडले की आतड्यात रक्तस्राव होतो. बांसवाड्यातल्या अनेक रुग्णांचा शेवट अशाच रक्तस्रावाने झाला.

चरबीचा कारभारही याच कारणाने बिघडतो. यकृत चरबी बांधते आणि प्रथिनांच्या वेष्टनात घालून रक्तामार्फत इतर अवयवांना पाठवते. वेष्टनाची प्रथिनेच बनेनाशी झाली, की चरबी यकृतातच साचत जाते. अफ्लाटॉक्सिन दिलेल्या प्राण्यांचे यकृत फिकट, पिवळट आणि तेलकट दिसते ते यामुळे. त्याच प्राण्यांत यकृतातल्या ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेच्या राखीव साठ्याचा, ऱ्हास होतो आणि जीवनसत्त्व अ चा साठाही उतरतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचे कामही मंदावते. प्रथिने, चरबी, साखर या तिन्ही आघाड्यांवर एकाच वेळी माघार होते.

एपॉक्साइडचा काही भाग पाण्याशी संयोग पावून अल्ब्युमिनला चिकटतो. रक्तातले अल्ब्युमिन सुमारे तीन आठवड्यांत निम्मे बदलले जाते, त्यामुळे त्याला चिकटलेले विष मोजले की माणसाने गेल्या दोन-तीन महिन्यांत किती अफ्लाटॉक्सिन खाल्ले याचा अंदाज येतो. धान्याचे नमुने तपासण्यापेक्षा ही मोजणी अधिक भरवशाची. एका पोत्यात हजारो दाणे निर्मळ असतात आणि मूठभर दाण्यांत सगळे विष एकवटलेले असते. नमुन्याला कोणते दाणे येतील ते सांगता येत नाही.

हिपॅटायटिस बी या विषाणूची आणि अफ्लाटॉक्सिनची गाठ पडली तर धोका बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. शांघायमध्ये सुमारे 18,000 पुरुषांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यात आले. ज्यांच्या लघवीत अफ्लाटॉक्सिनच्या खुणा होत्या, त्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट होता. ज्यांना हिपॅटायटिस बी होता, त्यांना सातपट. आणि दोन्ही असलेल्यांना सुमारे साठपट. विषाणूमुळे यकृतपेशी सतत मरतात आणि नव्याने विभागतात. प्रत्येक विभागणीत डीएनएवरची चूक कायमची होण्याची संधी वाढते. नवजात बाळाला दिली जाणारी हिपॅटायटिस बीची लस त्यामुळे अप्रत्यक्षपणे अफ्लाटॉक्सिनविरुद्धही काम करते.

गाय-म्हैसही हे विष खाते: शेंगदाण्याच्या पेंडीतून, सरकीच्या ढेपेतून, बुरसटलेल्या मक्यातून, नीट न दाबलेल्या मुरघासातून. तिच्या यकृतात बी-1 चे एम-1 होते आणि त्यातला साधारण 1 ते 2 टक्के, जास्त दूध देणाऱ्या जनावरांत त्याहूनही अधिक, भाग दुधात उतरतो. खराब खाद्य दिल्यावर दिवसाच्या आतच दुधात एम-1 दिसू लागतो आणि खाद्य बदलल्यावर तीन-चार दिवसांत तो ओसरतो. दूध तापवून तो जात नाही. दही-पनीरमध्येही तो राहतो. भारतात दुधासाठी लिटरमागे ढोबळमानाने 0.5 मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. युरोपात ती याच्या दहाव्या हिश्शाइतकी. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 साली देशभर केलेल्या पाहणीत दुधाच्या 6,432 नमुन्यांपैकी 368 नमुन्यांत म्हणजे 5.7 टक्क्यांत एम-1 मर्यादेपेक्षा जास्त सापडला. दुधात पाणी घालण्यावर जेवढी चर्चा होते, तिच्या पावपटही या आकड्यावर झाली नाही. भेसळ दूधवाला करतो, पण एम-1 चा उगम गोठ्यातल्या ढेपेच्या पोत्यात असतो, आणि तिथे फारसे कोणी पाहत नाही.

लहान मुलांवरचा परिणाम अधिक मूक असतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन आणि टोगो या देशांत पाच वर्षांखालच्या 480 मुलांचे रक्त तपासले गेले, तर 99 टक्के मुलांत अफ्लाटॉक्सिनच्या खुणा होत्या. ज्यांच्यात त्या जास्त, त्यांची उंची आणि वजन वयाच्या मानाने कमी. बेनिनमधल्याच पुढच्या अभ्यासात आठ महिन्यांत सर्वांत जास्त विष गेलेल्या मुलांची उंची सर्वांत कमी विष गेलेल्यांपेक्षा 1.7 सेंटिमीटरने कमी वाढली. आईचे दूध सुटून मका-शेंगदाण्याची पेज सुरू होते, तेव्हा रक्तातले प्रमाण एकदम चढते. याची संभाव्य कारणे दोन. एक, आतड्याच्या अस्तराची झीज होऊन अन्नरस नीट शोषला जात नाही. दुसरे, वाढीच्या संप्रेरकाचा निरोप हाडांपर्यंत नेणारे आयजीएफ-1 हे प्रथिन यकृतात कमी तयार होते. केनियातल्या मुलांत असा संबंध आढळला आहे. अर्थात खुरटलेल्या मुलांच्या घरी गरिबी, जुलाब, अपुरे अन्न हेही असतेच. कोणत्या कारणाचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

अफ्लाटॉक्सिन हे सर्वांत जास्त अभ्यासलेले बुरशीविष. इतर विषे चयापचयाच्या वेगवेगळ्या नसा पकडतात आणि त्यांची रीत पाहिली की शरीराच्या रसायनाची घडण किती नाजूक आहे ते उमगते.

फ्युमोनिसिन हे मक्यावरच्या फ्युझेरियम बुरशीचे विष 1988 साली दक्षिण आफ्रिकेत सापडले. त्याची रचना पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांच्या कच्च्या मालासारखी असते. ते सेरामाइड बनवणाऱ्या विकराची जागा अडवते. पक्का माल कमी पडतो, कच्चा माल पेशीत तुंबतो आणि त्याचेच विष होते. घोड्यांचा मेंदू यामुळे मऊ पडतो, डुकरांच्या फुप्फुसांत पाणी भरते. पेशीच्या आवरणात बसलेली, फॉलिक आम्ल आत घेणारी यंत्रणाही बिघडते. म्हणून गरोदरपणी हे विष गेल्यास बाळाच्या मज्जारज्जूत दोष राहण्याची शंका घेतली जाते. 1995 साली दख्खनच्या पठारावर अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन अनेक गावांत पोटदुखी, पोटात गुरगुर आणि जुलाब यांची साथ आली, तेव्हा त्या धान्यात फ्युमोनिसिन आढळले. खरिपाची ज्वारी पावसात काळी पडते, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. ती बाजारात स्वस्त मिळते आणि कोंबड्या-जनावरांबरोबर गरिबाच्या जात्यातही जाते.

ऑक्रॅटॉक्सिन धान्य, कॉफी, मनुका, मसाले यांत आढळते. फिनाइलअलानिन हे अमिनो आम्ल त्याच्या रेणूचाच एक भाग असते, त्यामुळे प्रथिने जोडणारे यंत्र फसते. त्याचा मारा मूत्रपिंडावर होतो. प्रयोगांत मूत्रपिंडातली नवी साखर बनवण्याची क्रिया मंदावलेली दिसते. रक्तातल्या अल्ब्युमिनला ते घट्ट धरून राहते आणि माणसाच्या रक्तात ते निम्मे व्हायला सुमारे 35 दिवस लागतात. थोडे थोडे रोज खाल्ले तरी साचत जाण्याचे कारण हेच.

ऊर्जेच्या चक्रावर थेट घाव घालणारे उदाहरण चीनचे आहे. उत्तर चीनमध्ये दक्षिणेकडून आणलेला ऊस हिवाळाभर साठवून वसंतात विकला जाई. त्यावर वाढणारी एक बुरशी 3-नायट्रोप्रोपिऑनिक आम्ल तयार करते. पेशी अन्नातून ऊर्जा काढते त्या क्रेब्ज चक्रातले एक विकर हे आम्ल कायमचे बंद पाडते. ऊर्जा तुटली की मेंदूचा काही भाग आधी मरतो. 1972 ते 1989 या काळात 884 जणांना ही विषबाधा झाली आणि 88 जण दगावले. त्यांत मुले जास्त होती, आणि वाचलेल्यांतल्या काहींचे हातपाय कायमचे वाकडे झाले. जपानमध्ये पिवळ्या पडलेल्या तांदळावरच्या पेनिसिलियम बुरशीचे सिट्रिओव्हिरिडिन हे विष पेशीतला ऊर्जेचा शेवटचा टप्पा अडवते. तिथे हृदय अचानक थकण्याच्या बेरीबेरीशी या तांदळाचा संबंध जोडला जातो. 1910 साली तांदळाच्या तपासणीचा कायदा झाल्यावर तसे रुग्ण झपाट्याने घटले.

चयापचय अडवण्याची हीच ताकद औषधासाठीही कामी आली. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे 6,000 बुरशी तपासून पेनिसिलियम सिट्रिनममधून एक पदार्थ काढला. यकृतातली कोलेस्टेरॉल बनवण्याची मुख्य पायरी तो रोखतो. त्यातूनच स्टॅटिन औषधांचा वर्ग उभा राहिला आणि 1987 साली अस्परजिलस टेरियस या बुरशीपासून मिळालेले लोव्हास्टॅटिन अमेरिकेत वापरात आले. लाल बुरशीने आंबवलेल्या तांदळातही हाच पदार्थ असतो, म्हणून तो पूरक आहार म्हणून विकला जातो. 2024 साली जपानमध्ये अशाच गोळ्या कोलेस्टेरॉलसाठी घेणाऱ्या अनेकांची मूत्रपिंडे बिघडली. गोळ्यांच्या कच्च्या मालात दुसरी बुरशी शिरून तिने प्युबेरुलिक आम्ल तयार केले होते. शुद्ध केलेला, मात्रा ठरलेला एक रेणू आणि वाढू दिलेली बुरशी यांत केवढे अंतर आहे, ते या घटनेत दिसते.

अलीकडे भिंतींवरच्या ओलीकडे आणि बुरशीकडे बोट दाखवून वजनवाढ, मधुमेह, सततचा थकवा यांची कारणे सांगितली जातात. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात घराला ओल येते ही खरी अडचण आहे, आणि ओलसर घरात दमा, खोकला, ॲलर्जी वाढते याला भक्कम पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली त्यावर मार्गदर्शक तत्त्वेही काढली. पण घरातल्या हवेतून श्वासात जाणारे बुरशीविष माणसाचे चयापचय बिघडवते, असा विश्वासार्ह पुरावा नाही. वर सांगितलेल्या साऱ्या साथींत विष अन्नातून गेले आणि तेही मोठ्या प्रमाणात. लघवीतले बुरशीविष मोजून ‘घराच्या बुरशीचा आजार’ निदान करणाऱ्या महागड्या चाचण्या विकल्या जातात. कालच्या जेवणातल्या धान्यातूनही अशा खुणा लघवीत येतात, त्यामुळे त्यांवरून तसे निदान करता येत नाही. ओल काढावी, गळती बुजवावी, ती श्वासाच्या आरोग्यासाठी.

अफ्लाटॉक्सिनवर उतारा नाही. तीव्र विषबाधेत ते अन्न थांबवणे आणि यकृत सावरेपर्यंत रुग्णाला जपणे एवढेच करता येते. चीनमधल्या चीदोंग भागात 180 जणांना दिवसातून तीनदा 100 मिलिग्रॅम क्लोरोफिलिन, म्हणजे हरितद्रव्यापासून केलेला पदार्थ, चार महिने दिला गेला. तो आतड्यातच अफ्लाटॉक्सिनला धरून ठेवतो. डीएनएला झालेल्या इजेची लघवीतली खूण त्यामुळे 55 टक्क्यांनी कमी झाली. पण त्याच चीदोंगमध्ये याहून मोठा बदल औषधाशिवाय झाला. 1980 च्या दशकापासून धान्यबाजार खुला होत गेला तसे लोक मका सोडून तांदूळ खाऊ लागले. पुढच्या दशकांत रक्तातले अफ्लाटॉक्सिन जवळजवळ दिसेनासे झाले आणि यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण उतरले. ज्या पिढीला हिपॅटायटिस बीची लस मिळालेली नव्हती, तिच्यातही.

धान्य बदलणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी वाळवण आणि निवडणे हेच मुख्य उपाय. तृणधान्यातला ओलावा 12-13 टक्क्यांच्या आणि शेंगदाण्यातला 7-8 टक्क्यांच्या खाली गेला की बुरशीला वाढता येत नाही. शेंगा मातीवर न वाळवता ताडपत्रीवर किंवा चटईवर वाळवाव्यात, फुटक्या शेंगा वेगळ्या काढाव्यात, पोती जमिनीला किंवा भिंतीला टेकू न देता फळ्यांवर रचावीत. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात 20 गावांत नेमके हेच करून पाहिले गेले. काढणीनंतर पाच महिन्यांनी, उपाय केलेल्या गावांतल्या लोकांच्या रक्तातले अफ्लाटॉक्सिन इतर गावांतल्या निम्म्याहून कमी होते. सुरकुतलेले, काळपट, खवट लागणारे दाणे निवडून टाकले तर शेंगदाण्यातले बरेचसे विष त्यांच्याबरोबर जाते, कारण ते थोड्याच दाण्यांत एकवटलेले असते. तेल गाळताना विष मुख्यतः पेंडीत राहते आणि रिफाइनिंगमध्ये उरलेलेही निघते. घाण्याच्या तेलात ते थोडेफार उतरते, म्हणून घाण्याला घालायचे दाणे निवडूनच घ्यायला हवेत. टाकलेले दाणे कोंबड्यांना किंवा गाईला घालणे म्हणजे तेच विष अंड्या-दुधाच्या वाटेने परत आणणे. खाद्यात मिसळायच्या विशिष्ट मातीच्या भुकट्या जनावराच्या आतड्यात अफ्लाटॉक्सिन धरून ठेवतात आणि दुधातला एम-1 कमी करतात.

भारतात तृणधान्य आणि कडधान्यासाठी किलोमागे 15 मायक्रोग्रॅम आणि थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी आणि कवचफळांसाठी 10 मायक्रोग्रॅम अशी अफ्लाटॉक्सिनची मर्यादा आहे. ती लागू होते विकल्या जाणाऱ्या मालाला. शेतकऱ्याने स्वतःच्या घरासाठी कणगीत ठेवलेला मका कोणत्याच तपासणीतून जात नाही, आणि 1974 चा बांसवाडा असो की 2004 चा केनिया, माणसे मेली ती अशाच घरच्या धान्याने. केनिया सरकारने तेव्हा विषारी मका जप्त केला आणि त्या भागात दुसरे धान्य वाटले. ज्या घरात वर्षाचे धान्य तेवढेच असते, तिथे ते टाकून द्यायला सांगायचे तर बदल्यात चांगले धान्य हातात द्यावे लागते.